डाव्या हाताचे हस्तांदोलन

इंग्लंडमध्ये राहायला जाऊन आम्हाला सहा वर्षे झाली. या सुट्टीत कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या घरी पोहोचल्यावर माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, वाकून नमस्कार केला आणि लगेच डावा हात पुढे केला. आई "अरे, उजवा!" म्हणेपर्यंत अण्णांनी तो आपल्या डाव्या हातात घेतलाही होता. अनेक वर्षे शाळेचे स्काऊट पथक चालवलेल्या माणसाला ती खूण समजावून द्यावी लागली नाही. ढाल डाव्या हातात असते, आणि ती बाजूला ठेवून हात देणे म्हणजे समोरच्यावर विश्वास टाकणे, असा या प्रथेचा अर्थ स्काऊटांमध्ये सांगितला जातो.

"वचन काय घेतलंस?" अण्णांनी विचारले.

मुलगा तिकडच्या स्काऊट पथकात दाखल झाला, तेव्हा हा प्रश्न आम्हाला सोपा गेला नव्हता. १९०७ मध्ये ब्राउन्सी बेटावरच्या शिबिरापासून बेडन-पॉवेल यांनी जी चळवळ उभी केली, तिच्या ब्रिटिश वचनात ईश्वर आणि राजा यांच्याप्रती कर्तव्य येते. भारतीय पासपोर्ट असलेल्या मुलाने राजाचे नाव कसे घ्यावे, या विचाराने मी अस्वस्थ होतो. मात्र पथकाच्या प्रमुख बाईंनी, ज्यांना मुले 'अकेला' म्हणतात, मला शांतपणे समजावले की ईश्वराऐवजी 'माझा धर्म' म्हणता येते, कोणताही धर्म न मानणाऱ्यांसाठी २०१४ पासून निराळे शब्द आहेत, आणि परदेशी नागरिकाला राजाऐवजी 'सध्या मी राहत असलेल्या देशाप्रती' असे म्हणण्याची मुभा आहे. परदेशात राहणाऱ्याची स्थिती इतक्या प्रामाणिकपणे मांडणारे शब्द मला आजवर भेटले नव्हते. मुलाच्या मायदेशाला धक्का न लावता, जिथले पाणी तो पितो तिथल्या लोकांचे देणेही ते त्याच्याकडून कबूल करून घेतात.

"आणि ते पाळणार कसं?"

"शक्य तितका प्रयत्न करून."

अण्णांचा चेहरा उजळला. भारत स्काऊट्स आणि गाईड्सच्या वचनातही हाच प्रयत्न आहे, आणि त्यांच्या मते वचनाचा सगळा भार त्याच शब्दावर आहे. लहान मुलाकडून यशाची हमी घेणे अन्यायाचे, पण प्रयत्नाची हमी मागता येते. मग 'खरी कमाई'च्या, पथकातल्या मुलांनी सायकली पुसून मिळवलेल्या पैशांच्या आठवणी निघाल्या.

जेवणानंतर अण्णांनी आपले नऊ नियम बोटांवर मोजून म्हटले. तिकडच्या स्काऊटांचे सात आहेत, आणि प्राण्यांचा मित्र व निसर्गप्रेमी असण्याचा आपला नियम त्यांत स्वतंत्रपणे येत नाही. मुलाने तो मराठीतच वहीत उतरवून घेतला. सुट्टी संपल्यावर तो अकेलांना दाखवायचा आहे, असे म्हणाला.