केरळला जाताय? तुम्ही विचारलंत म्हणून

दिवाळी जवळ आली की फोन सुरू होतात. ‘केरळला निघालोय, सहा दिवस आहेत, काय काय बघू?’ टूरवाल्याचा कार्यक्रम हातात असतोच: कोची विमानतळ, तडक मुन्नार, मग ठेक्कडी, अलेप्पीची हाऊसबोट आणि घर. कार्यक्रम वाईट नाही. पण त्यात कोचीला फक्त उतरायचं आणि चढायचं असतं, ते मला पटत नाही. माझं उत्तर ठरलेलं आहे: मुन्नार गाळा आणि पहिले दोन दिवस फोर्ट कोची, मट्टनचेरीत पायी फिरा.

याला कारण मिरी. ती पिकायची डोंगरात, नदीवाटे खाली यायची आणि बंदरात परदेशी गलबतांत चढायची. गलबतं यायची नैऋत्य मोसमी वाऱ्यावर. परतीचा ईशान्येचा वारा मात्र हिवाळ्याशिवाय मिळत नसे. जुलैत इजिप्तहून निघालेला व्यापारी माल भरून झाला तरी डिसेंबरपर्यंत इथेच अडकायचा. अडकलेला माणूस काय करणार? बिऱ्हाड थाटतो, देवाधर्माची सोय बघतो, एखादा लग्नही करतो. या किनाऱ्यावर इतक्या धर्मांची इतकी जुनी देवळं-मशिदी-चर्चं का, याचं उत्तर मला तरी राजांच्या औदार्याइतकंच या वाऱ्यात दिसतं.

मट्टनचेरीत ते एका गल्लीत बघायला मिळतं. 1568 सालचं ‘परदेशी’ नावाचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, त्यात चीनहून आणलेल्या, हातानं रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरश्या. शेजारचा राजवाडा पोर्तुगीजांनी कोचीच्या राजाला बांधून दिलेला, नंतर डचांनी दुरुस्त केलेला, आणि आत भिंतीभर रामायण! बाजार रोडच्या जुन्या गोदामांवरून जाताना सुंठ-मिरीचा वास आला तर थांबा. बरीच गोदामं आता कॅफे आणि गॅलऱ्या झाली आहेत.

तिथून जवळच्या चेरळाई वस्तीत जा, हे मी मराठी माणसाला मुद्दाम सांगतो. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचामुळे गोवा सोडलेले सारस्वत इथे आले. त्यांचं तिरुमल देवस्वम हे देऊळ इथेच आहे आणि घरात अजून कोकणी चालते. डच गव्हर्नर व्हान रीड यानं मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ तयार करवला, तेव्हा इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्यही त्यात होते. या तिघांनी ग्रंथासाठी दिलेला कोकणीतला दाखला 1678 मध्ये ॲम्स्टरडॅमला चक्क नागरी अक्षरांत छापला गेला.

फोर्ट कोचीच्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाच्या थडग्यापुढे गर्दी असते. तो 1524 मध्ये कोचीत वारला खरा, पण त्याच्या अस्थी पुढे पोर्तुगालला नेल्या. म्हणजे फोटो काढायचा तो रिकाम्या जागेचा.

तिसऱ्या दिवशी मुझिरिसला, म्हणजे रोमन काळातल्या मिरीच्या बंदराला, जाऊ का, असंही विचारतात. ते इथेच असावं असं मानतात त्या, कोचीच्या उत्तरेच्या पट्टणम गावी 2007 पासून उत्खनन झालं, रोमन मद्यकुंभांचे तुकडे, मणी निघाले. जागेवर मात्र बघण्यासारखं फार नाही. इतिहासाचं वेड असेल तरच जा. नाहीतर सरळ रेल्वेनं कोळिकोड गाठा. तिथे कुट्टिचिरा तळ्याकाठी मिश्काल मशीद आहे, चौदाव्या शतकात एका येमेनी जहाजमालकानं बांधलेली. भरपूर लाकूडकाम, उतरती छपरं, मिनार नाहीत. लांबून केरळी देऊळच वाटतं. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी ती जाळली होती. जवळच बेपूरला ‘उरु’ म्हणजे मोठी लाकडी गलबतं बांधतात, त्यांची गिऱ्हाइकं आजही अरबी आखातातली.

उरलेल्या दिवसांत ठेक्कडीला खुशाल जा; मिरीचे वेल झाडांवर चढलेले तिथे दिसतील. हाऊसबोटीवर रात्र काढायचा आग्रह धरू नका. ती संध्याकाळी काठाला बांधून ठेवतात, मग पैसे कशाचे? दुपारची फेरी पुरे. आणि सिनेगॉग शनिवारी बंद असतं, शुक्रवारीही बंद असू शकतं, तेव्हा वार बघूनच तिकिटं काढा.