पाठीकडून पाहायचं घड्याळ

स्वित्झर्लंडच्या जुरा डोंगरात, सुमारे हजार मीटर उंचीवर व्हॅले द जू नावाचं खोरं आहे. तिथल्या ल सोल्या गावात, जुन्या शाळेच्या इमारतीत बसून घड्याळजी फिलिप द्युफूर यांनी 'सिम्प्लिसिटी' हे मनगटी घड्याळ केलं. 2000 साली ते लोकांसमोर आलं. शंभर करायची असं ठरलं होतं, ती दोनशेच्या पुढे गेली. समोरून पाहाल तर विशेष काहीच नाही. तास, मिनिटं आणि खाली सेकंदाचा छोटा काटा. तारीखसुद्धा नाही. व्यास 34 किंवा 37 मिलिमीटर, रोज चावी द्यायची. चारचौघांत मिरवायला तसं कुचकामीच. खरा थाट मागच्या काचेतून दिसतो.

आत जे चकाकतं, त्यातलं किती वेळेसाठी आणि किती निव्वळ हौसेसाठी, हे निवडून पाहण्यात मजा आहे.

बॅलन्स व्हील म्हणजे मागेपुढे डोलून घड्याळाची चाल ठरवणारं चाक. त्याच्या आसाचं टोक, म्हणजे पिव्हट, एक दशांश मिलिमीटर किंवा त्याहूनही बारीक असतं. त्याचा गुळगुळीतपणा हौसेचा नाही. पारंपरिक पद्धतीत हा आस जाकोच्या हत्यारात, म्हणजे पिव्हट घोटण्याच्या छोट्या हातयंत्रात, धरून लहानशा धनुकलीने मागेपुढे फिरवतात आणि त्यावर बर्निशर, म्हणजे घोटायची कडक पट्टी, दाबतात. इथे धातू खरवडायचा नसतो, दाबून तो टणक करायचा असतो. हात जरा जड पडला की टोक मोडलंच, मग नवा आस. हलका पडला तर बारीक ओरखडे राहतात आणि घर्षण वाढतं. सेकंदाला पाच ठोके, म्हणजे दिवसाला 4,32,000. (आपल्याकडच्या एचएमटी 'जनता'चीही चाल हीच, तासाला 18,000.) एवढ्या ठोक्यांत लहानसा ओरखडाही आपला हिशेब चुकता करून घेतो.

ब्रिजच्या कडांचं मात्र वेगळं. ब्रिज म्हणजे चाकांना वरून धरून ठेवणाऱ्या पट्ट्या. त्यांच्या कडा 45 अंशांत तासतात. पूर्वी यामागे कडेची कुसळं निघून चाकांत पडू नयेत हा व्यवहार होता, आज मात्र ती जवळजवळ सगळी हौसच आहे. आधी कानस, मग बारीक घोटणीचे दगड आणि शेवटी जेन्शियनच्या वाळलेल्या दांड्याला डायमंड पेस्ट लावून झिलई. ही पिवळ्या फुलांची वनस्पती जुराच्या कुरणांतच उगवते. तिचं खोड मऊ असल्याने पेस्ट धरून ठेवतं आणि कडेच्या आकाराशी जुळवून घेतं. काडी जरा झुकली की धार गोल होते. मग झळाळीची रेघ सलग न दिसता पसरट दिसते. उपाय एकच, कड आणखी तासून पुन्हा पहिल्यापासून. फार वेळा तासता येत नाही, कारण दर खेपेला तिची रुंदी वाढते आणि बाकीच्या कडांशी मेळ सुटतो.

सगळ्यांत अवघड जागा आतल्या कोपऱ्याची, जिथे दोन तिरप्या कडा आत वळून एकमेकींना भेटतात. फिरतं कटर गोल असतं, ते कोपऱ्यात शिरत नाही. तिथे गोलाईच सोडून जातं. दोन्ही कडा सुरीसारख्या रेषेत मिळाल्या असतील तर ते कानसीचं आणि हाताचं काम. घड्याळ पारखताना ब्रँड, सोनं, किंमत हे सगळं नंतर. आधी हा कोपरा भिंगाखाली घ्यावा, असं माझं मत.

पोलादी भागांवरचं काळं पॉलिश तसंच चिकाटीचं. कथिलाच्या पाटावर पेस्ट लावून भाग गोल गोल घासत राहायचा. जमलं की तोच पृष्ठभाग एका कोनातून आरसा आणि दुसऱ्यातून कोळशासारखा काळा. मध्येच धुळीचा एक कण आला तर चरा उमटतो. मग पाट, भाग, हात सगळं धुऊन पुन्हा सुरुवात. याने गंजाला थोडा अटकाव होतो, हा त्यातला व्यवहाराचा वाटा.

इतकं करूनही मोबाइलच्या कव्हरमधलं लोहचुंबक हेअर स्प्रिंगचं, म्हणजे बॅलन्स व्हीलला डोलवणाऱ्या बारीक गुंडाळलेल्या स्प्रिंगचं, काम बिघडवू शकतं. वेटोळी एकमेकांना चिकटली की स्प्रिंगची कामाची लांबी कमी होते आणि घड्याळ दिवसाला काही मिनिटं पुढे पळू लागतं. अशा वेळी लगेच उघडायला घेऊ नये. आधी होकायंत्राजवळ धरावं, सुई हलली तर डीमॅग्नेटायझरवर, म्हणजे चुंबकत्व काढणाऱ्या उपकरणावर, ठेवून बटण दाबावं, घड्याळ सावकाश हातभर लांब न्यावं आणि मगच बटण सोडावं. जवळ असतानाच सोडलं तर चुंबकत्व उलट आणखी भरू शकतं.