सलाम, आणि गुडघा काय म्हणतोय?

आमच्या नगरकडच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारची उपासना घंटा झाल्यावर सुरू होते म्हणतात, पण मला विचाराल तर ती फाटकापाशीच सुरू होते. आधी सलाम, मग हात हातात, आणि तो हात सोडायच्या आत पुढचा प्रश्न: काय मावशी, गुडघा काय म्हणतोय? पोराचा रिझल्ट लागला का? नुसता सलाम काय, कोणीही करतं हो, खरी गंमत त्या पुढच्या प्रश्नात असते, कारण तो विचारायला मागच्या रविवारी तुम्ही काय सांगितलं होतं ते लक्षात असावं लागतं.

आमच्याकडे एक आजी आहेत, कायम शेवटच्या बाकावर. त्या हात धरतात तो दोन्ही हातांनी, आणि उत्तर मिळाल्याशिवाय सोडत नाहीत. तुम्ही "बरंय" म्हणून सटकायला बघितलंत तर म्हणतात, "बरंय म्हणजे काय, नीट सांग की." आत तिकडे पहिलं गीत सुरू झालेलं असतं, बहुतेक वेळा कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं, आणि आपण दारातच उभे राहून ब्लडशुगरचा आकडा सांगत असतो 😄

पुण्या-मुंबईच्या काही मोठ्या चर्चेसमध्ये आता वेलकम टीम असते, गळ्यात बॅज, हातात पत्रिका, हसून गुड मॉर्निंग. वाईट काहीच नाही त्यात, नवख्या माणसाला कुठं बसायचं ते तरी कळतं. पण सलग महिनाभर जाऊनही तोच मुलगा तेच हसून "फर्स्ट टाइम का?" विचारतो तेव्हा जरा खट्टू व्हायला होतं.

बायबलमधल्या, प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा सोळावा अध्याय वाचून बघा. बरेच जण तो अध्याय नुसती नावांची यादी म्हणून उरकतात, मला मात्र तो फार आवडतो. तोवर पौल रोमला गेलेलाही नव्हता, तरी तिथल्या वीसहून जास्त जणांना नावानिशी सलाम पाठवतो, आणि त्यातल्या बऱ्याच जणांपुढे काहीतरी जोडतो: प्रिस्का आणि अक्विला यांनी माझ्यासाठी जीव धोक्यात घातला, पर्सिसने प्रभूच्या कामात खूप कष्ट केले, रूफची आई म्हणजे माझीही आईच. पंधरा अध्याय एवढा गहन उपदेश केल्यावर ह्या माणसाला रूफची आई आठवते! आणि ज्याच्या हातून हे पत्र लिहून घेतलं तो तर्तियसही मधेच स्वतःचा सलाम घुसवतो, बहुतेक राहवलं नसेल त्याला.

२०२० मध्ये चर्च बंद झाली तेव्हा उपदेश मोबाईलवर मिळत होता, गाणी मिळत होती, ग्रुपवर रोज सकाळी फुलांच्या फोटोवर वचनही येत होतं. आजींकडे मात्र साधा बटणवाला फोन. त्यांनी मंडळीची जुनी वर्गणीची वही काढली आणि नातवाकडून एकेक नंबर लावून घेतला, रोज दोन-तीन घरं. माझ्याकडे फोन आला तो नेमका कुकरची शिट्टी होताना, मी म्हटलं आजी पाच मिनिटांनी करते, तर म्हणाल्या, "गॅस बंद कर, मी थांबते."