शेवंतीचा आवाज बसला

बदकाची पिल्लं घेतली तेव्हा विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, "सहाही माद्याच." जात खाकी कॅम्पबेल. वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते, एवढं ऐकूनच मी भुलले. कुडाळच्या आमच्या घरी कोंबड्या पूर्वीपासून आहेत, त्यामुळे तुरा बघून नर ओळखायची सवय. बदकाला तुराच नाही! सहाही मातकट, एका माळेचे मणी. मी नावं ठेवून मोकळी झाले. शेवंती, अबोली, जाई, जुई, सायली, बकुळ.

दोन महिन्यांची झाली आणि शेवंतीचा आवाज बसला. जाई, सायली, बकुळ सकाळी "क्वॅक क्वॅक" करून वाडी डोक्यावर घ्यायच्या आणि ही घशातल्या घशात खरखरायची. मग अबोली आणि जुईचंही तेच. पावसाचे दिवस, सर्दी झाली असणार म्हणून मी पाण्यात लसूण ठेचून घालत होते. शेजारची काकी केळीची पानं न्यायला आली, दोन मिनिटं उभी राहिली आणि हसायलाच लागली.

"आवाज आयक गो. ह्यो दादलो आसा."

तिने एकेकाला उचलून काखेत धरलं. मादी बोंब मारते, नर नुसता फुसफुसतो. सहापैकी तीन नर निघाले. चार महिन्यांनी तिघांच्याही शेपटीवर वर वळलेलं कुरळं पीस आलं, डोकं हिरवट काळपट झालं, तेव्हा आंधळ्यालाही कळलं असतं. पण पीस झडण्याच्या दिवसांत ती खूण गळून जाते, आवाज काही बदलत नाही. काकीकडच्या मस्कोव्ही नराला तर हे कुरळं पीस येतच नाही. बाकी पाळीव बदकं मॅलार्ड या रानबदकाच्या वंशातली, मस्कोव्हीचं कूळच वेगळं. तिथे अंगाचा आकार बघायचा, नर मादीच्या जवळजवळ दुप्पट असतो.

पुढचा गोंधळ पोफळीखालच्या टाकीत. दोन बदकं समोरासमोर येऊन मान खालीवर, खालीवर करायची. मला वाटलं, भांडतायत. मग जाई मान लांब करून पाण्यावर सपाट पडली, शेवंतीने (नाव काही सुटत नाही) तिच्या मानेची पिसं चोचीत धरली आणि वर चढला. जाई जवळजवळ बुडालेली, फक्त डोकं वर. मी काठी घेऊन धावले. पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तो मान मागे टाकून तिच्याभोवती गोल पोहत होता, ती पंख आपटत आंघोळ करत होती. एकदा तर त्याच्या पोटाखाली पांढरट, पिळाचं काहीतरी लोंबताना दिसलं. आतडं बाहेर आलं म्हणून मी गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "नराचा अवयवच तो, स्क्रूसारखा असतो. आपोआप आत जातो. नाही गेला, सुजला, तर घेऊन या." गेला.

एकदा सायलीला बकुळीवर चढलेली बघितली आणि काकीच्या परीक्षेवरच शंका आली. दुसऱ्या दिवशी सायलीने अंडं घातलं. माद्याही तसं करतात.

खरी काळजी मानेची होती. तीन नर, तीन माद्या. महिनाभरात जाईच्या मानेमागची पिसं उपटून लाल कातडी दिसायला लागली. ती टाकीत उतरेना, कोंबड्यांच्या खुराड्यामागे लपून बसायची. एका नरामागे पाच-सहा माद्या हव्यात, हे मला तेव्हा कळलं. अबोली मावसबहिणीकडे गेला, तिच्याकडे नुसत्या माद्याच होत्या. जुईचं काय झालं ते घरातल्या खवय्यांना विचारा. शेवंती राहिला. तीन माद्यांना तोही जड, म्हणून दुपारी त्याला वेगळा कोंडते. जाईच्या मानेवर आता बारीक पिसं फुटलीत.

कॅम्पबेल मादी अंड्यांवर सहसा बसत नाही. खुडूक कोंबडीखाली सात अंडी ठेवली. एकविसाव्या दिवशी तिची चुळबूळ सुरू झाली, पण अठ्ठावीस दिवस बसली बिचारी. पाच पिल्लं निघाली. परवा पिल्लं पाण्यात उतरली तेव्हा काठावर तिने जो थयथयाट केला!

आज पिल्लांना सात आठवडे झाले. नावं ठेवलेली नाहीत. सकाळी एकेकाला काखेत धरून बघितलं. तिघी बोंबलल्या, एक खरखरला. पाचवं अजून पिल्लासारखं चिवचिवतंय.