महू रस्त्यावरचं जुनं हॉटेल आणि पश्चिमेची भेग

जुनं हॉटेल पुन्हा उभं करायचं ठरलं की मालक मंडळी आधी झुंबरं बघायला जातात. आमच्याकडेही तेच झालं.

इंदूरला महू रस्त्याच्या बाजूची ही बागेतली कोठी एका जुन्या मराठी घराण्याची. पन्नासेक वर्षांपूर्वी तिचं हॉटेल झालं, मागे खोल्यांची रांग वाढली, पुढे लॉन झालं. रामबाग, लोकमान्य नगरातल्या कितीतरी घरच्या मुंजी आणि लग्नं या लॉनवर लागली, माझ्या धाकट्या मावशीचंसुद्धा. मग शहरात नवीन हॉटेलं आली आणि इथल्या खोल्या एकेक करून बंद पडत गेल्या. उरलं ते लग्नाचं लॉन. मला बोलावलं होतं फक्त गळती बघायला. मी सिव्हिल इंजिनिअर, गच्ची बघून रिपोर्ट देऊन मोकळा होणार होतो, पण मालकीणबाई काकू म्हणाल्या, "आता आलाच आहात तर सगळंच बघा." काकूंना नाही म्हणणं इंदुरात कुणाला जमलेलं नाही.

काकूंची मुलं पुण्यात. व्हिडिओ कॉलवर त्यांचं एकच, "हेरिटेज लुक हवा." मी म्हटलं, लुक शेवटी. आधी सांडपाणी, मग पिण्याचं पाणी, मग वीज, मग भिंती आणि सगळ्यात शेवटी झुंबर. थोरल्याला ते पटलं नाही. पाहुणा काही चेंबर बघायला येत नाही, असं त्याचं म्हणणं. ते खरंच आहे, पण खोलीत वास आला की तोच पाहुणा दुसऱ्या दिवशी हॉटेल सोडतो.

अडचण अशी की नकाशा कुठेच नव्हता. कोणती मोरी कुठे जाते हे माहीत असलेला माणूस एकच, म्हातारे माळीबाबा. पश्चिमेच्या व्हरांड्याच्या भिंतीत जोत्यापासून खिडकीपर्यंत तिरकी भेग होती. दर दिवाळीला तिच्यात सिमेंट भरायचं, उन्हाळ्यात ती पुन्हा उघडायची, असं वर्षानुवर्षं चाललेलं. भेग हलते का ते बघायला मी तिच्यावर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या. मे महिन्यात त्या तडकल्या. पावसाळ्यात नव्या लावल्या, तर भेग जवळजवळ मिटलेली. तेव्हा माळीबाबा सहज बोलून गेले, "साब, ये चंपा गर्मी में भी हरा रहता है. मैंने तो कभी पानी दिया नहीं."

चाफा त्याच भिंतीला लागून. आम्ही वरच्या मजल्याच्या संडासात हिरवा रंग ओतला आणि बागेत खड्डा खणून बसलो. संध्याकाळपर्यंत चाफ्याच्या मुळाशी हिरवी ओल दिसली. जुन्या चिनी मातीच्या पाइपाचा सांधा फुटलेला होता, कोण जाणे कधीपासून.

माळव्यातल्या काळ्या मातीवर घर बांधणाऱ्या प्रत्येकाने हे समजून घ्यायला हवं. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात तेच पायाखालीही होतं. पूर्ण पायाखालची माती सारखी फुगली-आकसली तर भिंत निभावून नेते. इथे मात्र फुटक्या पाइपामुळे एक कोपरा बारा महिने ओला आणि बाकीची माती फेब्रुवारीपासून वाळत जाणारी. कोपरा जागेवर, शेजारचा भाग खाली, मधे भिंत फाटते. त्यात सिमेंट भरून काय होणार? सांडपाण्याची लाइन भिंतीपासून लांब नेली, जोत्याभोवती बाहेर उतार देऊन फरशी घातली, गच्चीच्या पन्हळी थेट लांबच्या नाल्यात सोडल्या. भेगेला मात्र हात लावू दिला नाही. पाऊस आणि उन्हाळा पुरा होऊ दे, मग भरू. मुलांना वाटलं, इंजिनिअर आळशी आहे.

भिंतींची कथा निराळी. मूळ बांधकाम चुन्याचं. मधल्या काळात कुणीतरी ओल दिसते म्हणून खालच्या चार फुटांना सिमेंटचा गिलावा केला होता. ओल आतच कोंडली, वर चढली आणि सिमेंट संपतं तिथून वर लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, आणि पोपडे. तो गिलावा छिन्नीने काढताना आतली वीट हाताने चुरत होती. मिस्त्री मिळाला तो राजवाड्याच्या कामावर राहिलेला. 1984 च्या दंगलीत जळालेल्या आपल्या राजवाड्याच्या डागडुजीत चुन्याबरोबर गूळ, मेथी, बेलफळ वापरलं होतं, तीच रीत त्याच्या हातात. अंगणात हौद करून चुना मुरवला, सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, घातली. गुळाच्या पाण्याच्या पिंपाभोवती मुंगळ्यांची अशी जत्रा भरली की स्वयंपाकघरातला आचारी भांडायला आला. चुन्याला घाई चालत नाही. एक थर, वर ओलं गोणपाट, मग थांबायचं, मग दुसरा थर. लग्नाचा हंगाम तोंडावर, आणि लॉनसमोरची भिंत गोणपाटात गुंडाळलेली. मंडपवाल्याने तिच्यापुढे पडदा लावून वेळ निभावली.

पिण्याच्या पाण्याचं काम सगळ्यात कमी दिसणारं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. जुने लोखंडी पाइप आतून इतके गंजलेले की बंद खोलीचा नळ सोडला की आधी चहाच्या रंगाचं पाणी. इंदूरला नर्मदेचं पाणी 1978 पासून नदीकाठच्या जलूदहून उपसून, डोंगर चढवून येतं, ते शेवटी असल्या पाइपातून पाहुण्याच्या ग्लासात ओतायचं? सगळे पाइप बदलले. बंद खोल्यांकडे जाणारी, पाणी नुसतं साचून राहणारी टोकं कापून टाकली. मुलगा म्हणाला, हा खर्च कशाला? मी त्याला फिलाडेल्फियाच्या बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलबद्दल सांगितलं. 1976 मध्ये तिथे माजी सैनिकांचं अधिवेशन झालं आणि न्यूमोनियासारख्या आजाराने माणसं गेली. जिवाणू पुढच्या वर्षी सापडला, त्याला लिजिओनेला नाव पडलं. हॉटेल 1976 च्याच नोव्हेंबरात बंद झालं होतं. हा जिवाणू साचलेल्या कोमट पाण्यात वाढतो. म्हणून आता गरम पाण्याची टाकी 60 अंशांवर असते आणि ज्या खोल्यांत पाहुणा नाही तिथले नळ हाउसकीपिंगची बाई दर आठवड्याला सोडते. वहीत सही करते.

विजेबद्दल फार सांगत नाही. कापडी आवरणाच्या तारा होत्या, सगळ्या काढल्या. एसीची बाहेरची यंत्रं दर्शनी भिंतीवर लावू दिली नाहीत, एवढं माझं पुण्य.

फर्निचरवरून मात्र जोरात वाद झाला. एक दलाल सागवानी कपाटं, आरामखुर्च्या एकगठ्ठा घ्यायला तयार होता आणि मुलांनाही नवीन "थीम" हवी होती. मी इथल्या माणिकबाग राजवाड्याची आठवण दिली. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकरांनी जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियसकडून करवून घेतलेलं तिथलं फर्निचर 1980 मध्ये मोनॅकोत लिलावात गेलं. वास्तू इथेच, तिच्यात कराचं सरकारी ऑफिस. काकूंनी दलालाला चहा पाजून परत पाठवलं.

कागदपत्रांत दोन गोष्टी अडल्या. पर्यटन मंत्रालयाच्या वर्गवारीत हेरिटेज हॉटेलसाठी वास्तू 1950 च्या आधीची लागते, क्लासिक वर्गासाठी 1935 च्या आधीची. घरात पिढ्यानपिढ्या "1928 ची कोठी" म्हणत आले होते. ट्रंकेत सापडलेल्या बांधकामाच्या हिशोबाच्या वहीत साल निघालं 1937. क्लासिक गेलं, साधं हेरिटेज राहिलं. काकू दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. दुसरी गोष्ट अग्निशमनाची. वरच्या मजल्याला एकच लाकडी जिना, दुसरी वाट हवी. मागच्या बाजूने लोखंडी जिना काढताना एक चांगली खोली गेली.

आता पश्चिमेची बाजू सुरू झाली आहे, मागची रांग अजून बंद. भाडं साडेसात हजारांच्या आतच ठेवलंय. तिथे जीएसटी आता पाच टक्के, पण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, त्यामुळे चादरी, धुलाई, गॅस सगळं अंगावर येतं. हिशोबनीस रोज त्यावरून कुरकुरतो.

सध्या भांडण पोहण्याच्या तलावावरून आहे. मुलांना तो पश्चिमेच्या व्हरांड्यासमोर हवा, डिसेंबरच्या आत. मी म्हणतो, त्या भिंतीच्या पायाशी पुन्हा पाण्याचा साठा नको, लॉनच्या पलीकडच्या टोकाला घ्या, तोही भेगेवरच्या नव्या काचा एक उन्हाळा टिकल्यावर. काकू अजून कुणाच्याच बाजूने बोललेल्या नाहीत.