तुम्ही विचारलंत म्हणून: ते प्रथिन इंजेक्शनने का देत नाहीत?

गणेशोत्सवात परळ-लालबागच्या मंडळांमध्ये आरोग्यावर बोलायला जाते, तेव्हा एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, कॅन्सरच्या पेशीला मारणारं प्रथिन शरीरातच असतं म्हणता, मग ते इंजेक्शनने का देत नाहीत?" विचारणाऱ्याच्या घरात बहुतेक वेळा कुणाला तरी यकृताचा कॅन्सर असतो, टाटाच्या फेऱ्या चालू असतात. मंडपात दोन मिनिटांत हे सांगून होत नाही, म्हणून लिहिते आहे.

त्या प्रथिनाचं नाव पी-५३. १९७९ मध्ये ते सापडलं आणि पुढची दहा वर्षं ते कॅन्सर घडवतं असाच समज होता. ते कॅन्सर रोखतं हे १९८९ च्या सुमारास स्पष्ट झालं. निरोगी पेशीत ते जेमतेमच असतं, कारण एमडीएम-२ नावाचं दुसरं प्रथिन त्याची सतत विल्हेवाट लावत असतं. डीएनएला इजा झाली की ही विल्हेवाट थांबते आणि पी-५३ साठतं. इजा थोडी असेल तर ते पेशीचं विभाजन थांबवून दुरुस्तीला वेळ देतं. दुरुस्ती शक्य नसेल तर प्यूमा, बॅक्स अशी प्रथिनं तयार करायला लावतं. त्यांच्यामुळे मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांच्या, आवरणाला भोकं पडतात, सायटोक्रोम-सी नावाचं प्रथिन बाहेर येतं, कॅस्पेस ही प्रथिनं कापणारी विकरं कामाला लागतात आणि पेशी आतून मोडत जाते. तिचे तुकडे आजूबाजूच्या पेशी गिळून टाकतात. सूज येत नाही. या मरणाला अ‍ॅपॉप्टोसिस म्हणतात. १९७२ मध्ये हे नाव पडलं, पण त्याआधी जॉन केर या शास्त्रज्ञांनी ते पाहिलं होतं उंदरांच्या यकृतातच.

आता इंजेक्शनचं. पी-५३ काम करतं पेशीच्या केंद्रकात. शिरेतून दिलेलं प्रथिन तिथवर पोहोचत नाही, वाटेतच मोडतं. म्हणून विषाणूच्या मदतीने त्याचं जनुकच पेशीत सोडायचा मार्ग निघाला, आणि २००३ मध्ये चीनने डोक्या-मानेच्या कॅन्सरसाठी अशा औषधाला मान्यताही दिली. पण गाठीतल्या प्रत्येक पेशीत ते पोहोचवणं फार कठीण. शिवाय पी-५३ चौघांच्या गटाने काम करतं. पालखीच्या चार खांदेकऱ्यांपैकी एकाचा पाय लटपटला की पालखीच डगमगते, तसं पेशीतलं बिघडलेलं पी-५३ चांगल्यालाही निकामी करतं.

तरीही २००७ मधला एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. यकृताचा कॅन्सर झालेल्या उंदरांमध्ये दाबून ठेवलेलं पी-५३ पुन्हा चालू केलं आणि गाठी विरघळल्या. पेशी अ‍ॅपॉप्टोसिसने मेल्या असतील असंच कुणालाही वाटेल. तसं झालं नव्हतं. पेशी म्हाताऱ्या झाल्या होत्या: त्यांनी विभाजन थांबवलं, रासायनिक हाका दिल्या, आणि त्या हाकांनी आलेल्या प्रतिकारपेशींनी गाठ साफ केली. म्हणजे यकृतात पी-५३ ला प्रत्येक पेशी स्वतः मारावी लागतेच असं नाही. मात्र त्या उंदरांमध्ये प्रथिन नुसतं दाबलेलं होतं, बिघडलेलं नव्हतं. माणसाच्या यकृताच्या कॅन्सरमध्ये साधारण एक तृतीयांश गाठींत त्याचं जनुकच बदललेलं असतं. उरलेल्यांपैकी अनेकांत ते शाबूत असतं. तिथे एमडीएम-२ ला अडवणारी औषधं तपासली जात आहेत. पण त्यांनी रक्त तयार करणाऱ्या निरोगी पेशींतही पी-५३ वाढतं, म्हणून डोस जपून द्यावा लागतो.

मला उलटा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा वाटतो: ते बिघडतं कशाने? १९९१ मध्ये चीन आणि आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या रुग्णांच्या गाठींत पी-५३ च्या जनुकात नेमक्या एकाच जागी, २४९ व्या ठिकाणी, पुन्हा पुन्हा तोच बदल सापडला. संशय गेला अफ्लाटॉक्सिनवर. दमट हवेत साठवलेल्या शेंगदाण्यांवर, मक्यावर वाढणाऱ्या बुरशीचं हे विष. यकृत त्याचा निचरा करायला जातं, आणि त्याच प्रक्रियेत तयार झालेलं रसायन डीएनएला चिकटतं. भाजून किंवा उकळून ते पूर्ण जात नाही. तेव्हा मुंबईच्या पावसाळ्यात डब्यातल्या शेंगदाण्यांना बुरशी दिसली, कडवट वास आला, तर ते निवडत बसू नका, टाकून द्या. पैसे जातात, कळतं मला.

हिपॅटायटिस बी चा विषाणू दुसऱ्या बाजूने येतो. त्याचं एक्स नावाचं प्रथिन पी-५३ ला धरून अडवतं, शिवाय विषाणूचा डीएनए आपल्या डीएनएत शिरतो. अफ्लाटॉक्सिन आणि हा विषाणू एकत्र आले तर धोका कित्येक पटींनी वाढतो. आणि या विषाणूवर लस आहे. बाळ जन्मल्यापासून २४ तासांच्या आत पहिला डोस द्यायचा असतो, सरकारी रुग्णालयात तो मोफत मिळतो. घरात कुणाला हिपॅटायटिस बी असेल तर बाकीच्यांनी रक्त तपासून घ्यावं, आणि ज्याला तो आहे त्याने सोनोग्राफी कधी आणि किती वेळा करायची हे डॉक्टरांना विचारावं. यकृताची गाठ लहान असते तेव्हा बहुधा काहीच दुखत नाही.