दिवसभर लग्नं, रात्री परत लग्नंच?

"मॅडम, दिवसभर लग्नंच बघता, मग घरी जाऊन परत लग्नाचेच सिनेमे कसे बघवतात?" पेनड्राइव्ह न्यायला आलेली पार्टी चहा पिता पिता हे हमखास विचारते. कोल्हापुरात, राजारामपुरीत लग्नांच्या व्हिडिओचं एडिटिंग करायला लागून मला 18 वर्षं झाली. कॉम्प्युटरमागच्या भिंतीवर दोन-तीन सिनेमांची पोस्टरं आहेत, त्यावरून विषय निघतो. मावशी तर तोंडावरच म्हणते, "लग्नं बघून पोट भरत न्हाई व्हय गं तुझं? आणि त्यातबी जिचं जमत न्हाई तिचेच पिक्चर!"

मावशीने बरोबर धरलंय. लग्नाचे सगळेच सिनेमे मला ओढत नाहीत. 'हम आपके हैं कौन' 1994 साली आला तेव्हा घरच्या सगळ्यांबरोबर मीही पाहिला, गाणी पाठ झाली, पण त्याच्याकडे मी परत परत जात नाही. मी जाते ते ज्यात नवरदेवावर किंवा नवरीवर तिसऱ्याच कुणाचं तरी मन असतं, ते मिळणार नसतं, आणि तरीही तो माणूस त्याच लग्नात नटूनथटून हजर असतो, त्या सिनेमांकडे. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

आधी माझं काम सांगायला हवं. एका लग्नाचं फुटेज तीन कॅमेऱ्यांचं मिळून सहज 14-15 तासांचं येतं. हळद, देवक, अक्षता, वरात, सगळं. त्यातून दोन तासांचा व्हिडिओ आणि पाच मिनिटांचं हायलाइट काढायचं. म्हणजे मी दिवसभर लग्नं बघते त्यापेक्षा जास्त लग्नं कापते. अंतरपाट निघतो त्या क्षणी सगळा मंडप एकाच दिशेला बघत असतो, आणि जो दुसरीकडे बघतोय तो शॉट काढून टाकायचा, हे या धंद्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात.

गेल्या उन्हाळ्यातलं एक लग्न. गाव सांगत नाही. स्टेजच्या डाव्या अंगाला ट्रायपॉडवर एक कॅमेरा नुसता लावून ठेवलेला होता, त्याच्यामागे माणूस नव्हता. मंगलाष्टकं चालली होती. फ्रेमच्या कडेला अक्षतांचं ताट घेऊन एक मुलगी उभी. प्रत्येक 'सावधान'ला सगळ्यांचे हात वर जात होते, हिचा उजवा हात मात्र मूठ मिटून ताटातच. अंतरपाट निघाला, बाहेर हलगी कडाडली, माणसं स्टेजकडे लोटली. मग तिने मूठ उघडली. तांदूळ तळहाताला चिकटले होते. मी झूम करून पाहिलं, दुसऱ्या हाताच्या बोटाने ती एकेक दाणा सोडवून परत ताटात टाकत होती. सगळे पडल्यावर तिने हात ओढणीला पुसला आणि ती पंगतीत पाणी वाढायला गेली.

तिच्याबद्दल मला काहीही ठाऊक नाही. पहाटेपासून उपाशी असेल, घरातली आठवण आली असेल. पण ती क्लिप मी चार वेळा पाहिली आणि मग काढून टाकली. काढायलाच हवी. लग्नाचा व्हिडिओ दोन घरांचा असतो, त्यात कुणाचं गुपित त्याच्या नकळत ठेवणं मला पाप वाटतं.

सिनेमा नेमकं तेच ठेवतो. म्हणून मी रात्री सिनेमा लावते.

माझी अशी पहिली ओळख 'माय बेस्ट फ्रेंड्स वेडिंग'शी झाली. 1997 चा सिनेमा, मी पाहिला 2004 च्या पावसाळ्यात, भाड्याने सीडी आणून. ज्युलिया रॉबर्ट्सची ज्युलियन आपल्या जुन्या मित्राच्या, मायकेलच्या लग्नाला जाते. तो दुसरीशी लग्न करतोय हे कळल्यावर तिला उमगतं की आपल्याला तो हवा होता. चार दिवसांत लग्न मोडायच्या तयारीने ती जाते आणि वाईट वागते, खोटा ईमेलसुद्धा तयार करते. शेवटी एक पळापळ आहे. नवरी पुढे, तिच्यामागे मायकेल, आणि त्याच्यामागे ज्युलियन, तीही पाव पोचवणाऱ्या कुणाच्या तरी गाडीतून. बघणारा हसून हसून बेजार होतो. तेवढ्यात फोनवर तिचा मित्र जॉर्ज तिला विचारतो, तो तिच्यामागे, तू त्याच्यामागे, पण तुझ्यामागे कोण आहे? कुणीच नाही.

मी रात्री साडेबाराला त्या सीनवर हसत होते, आणि हसता हसता गप्प झाले. सिनेमा तिथेच थांबला असता तर मी तो विसरले असते. पण लग्न व्यवस्थित लागतं, ती करवली म्हणून उभी राहते, आणि रिसेप्शनमध्ये नवरा-नवरीला सांगते की आमच्या दोघांचं जे गाणं होतं ते मी तुम्हाला उसनं देतेय, तुमचं स्वतःचं सापडेपर्यंत वापरा. 'उसनं' हा मराठीतला शब्द मला त्या जागी फार बरोबर वाटतो. वाटीभर साखर द्यावी तसं ती देते.

या सिनेमाचा शेवट आधी वेगळा होता. रिसेप्शनमध्ये तिला एक नवा पुरुष भेटतो, असं चित्रित केलं होतं. चाचणी खेळांमध्ये प्रेक्षकांना ते रुचलं नाही, मग जॉर्जला परत आणून शेवट नव्याने घेतला. तो तिचा प्रियकर नाही, होणारही नाही. तो येतो आणि तिच्याबरोबर नाचतो, एवढंच. एडिटर म्हणून मला त्या प्रेक्षकांबद्दल आदर आहे. भरपाई म्हणून चिकटवलेला माणूस त्यांनी ओळखला.

'फोर वेडिंग्ज अँड अ फ्युनरल' (1994) मी त्यातल्या फिओनासाठी बघते. सगळा सिनेमा चार्ल्सचा आहे, त्याला हवी ती बाई दुसऱ्याशी लग्न करतेय. त्याच लग्नाच्या धामधुमीत तो फिओनाला सहज विचारतो की तुझं कुणावर प्रेम आहे का, आणि ती साध्या आवाजात सांगते, तूच, पहिल्यापासून तूच. रडारड नाही, संगीत चढत नाही. दोघं शेजारी शेजारी उभी राहतात. मोठ्या सिनेमातली ही छोटी जागा माझ्या मते त्याचं काळीज आहे.

आपल्याकडे लग्नाची गंमत काही नवीन नाही. आजीची पिढी 'सौभद्र' बघत वाढली. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ते नाटक 1882 चं. सुभद्रेचं मन अर्जुनावर, बलराम तिला दुर्योधनाला द्यायला निघालाय, आणि कृष्ण बसून सूत्रं हलवतोय. पण ठरलेलं लग्न मोडल्यावर दुर्योधनाच्या मनाचं काय झालं, असं कुणी विचारत नाही. 'मानापमान' नाटकात भामिनीशी लग्न करायला निघालेला श्रीमंत लक्ष्मीधर तर हसण्यासाठीच आहे. आमच्या कोल्हापूरच्या केशवराव भोसल्यांनी 1921 मध्ये बालगंधर्वांबरोबर 'संयुक्त मानापमान' केलं, त्यात केशवराव धैर्यधर होते, म्हणजे ज्याला भामिनी मिळते तो. (त्यांच्या नावाचं आमचं नाट्यगृह 2024 च्या ऑगस्टमध्ये जळालं. त्या रात्रीचं लिहायला बसले तर हा विषय राहूनच जाईल.) ती नाटकं मला प्राणासारखी आवडतात. पण नाकारला गेलेला माणूस तिथे विनोदापुरता येतो आणि विंगेत जातो. मला त्याच्यामागे विंगेत जायचं असतं.

आता माझं सांगते, कारण त्याशिवाय उत्तर पुरं होणार नाही.

2003 चा मे महिना. आमच्या मंगळवार पेठेतल्या गल्लीतला मुलगा, तालमीच्या संघातून फुटबॉल खेळायचा. त्याला मी कधी काही बोलले नाही आणि त्याने माझ्याशी कधी वाईट वागणूक केली नाही. त्याचं लग्न ठरलं. माझं अक्षर चांगलं, म्हणून त्याच्या आईने, काकूंनी, मला आहेर लिहायला बसवलं. मंडपाच्या तोंडाशी टेबल, त्यावर उभ्या रेघा मारलेली लांब वही. नाव, गाव, रक्कम. शेजारी त्याची आत्या पाकिटं फोडून आकडा सांगत होती. 101. 251. स्टीलची कळशी एक. मुहूर्त 12 वाजून 28 मिनिटांचा. मंगलाष्टकं सुरू झाली आणि मी मान वर केली नाही. कळशीच्या ओळीत पेनाची शाई फुटली होती, तो डाग मला आजही दिसतो.

पाठवणीला मात्र मी रडले. नवरीच्या मावश्या-आत्या रडत होत्या, त्यांच्यात जाऊन उभी राहिले आणि हुंदके देऊन रडले. नवरीकडची एक बाई, जिला मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, तिने मला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, पाण्याचा तांब्या दिला. कोण तू, का रडतेस, असं तिने विचारलं नाही. लग्नात रडणाऱ्या बाईला कुणी विचारत नाही.

लग्नाच्याच सिनेमात ही गोष्ट इतकी का खुलते, त्याचं कारण मला तिथे मिळालं. एरवी एकतर्फी प्रेमाला जागाच नसते. ते कुठे ठेवायचं, कुणाला सांगायचं? लग्नघरात त्याला काम मिळतं. आहेर लिही, हार आण, करवल्यांना उठव, गुरुजींना दक्षिणा दिली का बघ. मुहूर्त ठरलेला, माणसं अडकलेली, निघून जाता येत नाही आणि मोकळं बसताही येत नाही. गोंधळ एवढा की हसू येतंच. कुणाची पैठणी सापडत नाही, बँडवाले चुकीच्या गल्लीत शिरतात. त्या हसण्याच्या आडोशाने माणूस ती वेळ काढतो. नुसत्या शोकांतिकेत हा आडोसा मिळत नाही. तिथे ज्याला दुःख झालंय त्याला सगळे बघत बसतात.

आणि हो, नकार पचवता न आल्याने मुलींचा पिच्छा पुरवणारा हिरो ज्यात शेवटी जिंकतो, ते सिनेमे मी यात धरत नाही. ते मला बघवत नाहीत. ज्युलियनने लग्न मोडायचा घाट घातला, पण ती चुकली असं सिनेमा तिला स्पष्ट सांगतो, आणि ती जाऊन कबूल करते. तो फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

मागच्या दिवाळीच्या आधी आमच्या गल्लीतल्या त्या मुलाची बहीण दुकानात आली. पिशवीत त्याच्या लग्नाची व्हीएचएसची कॅसेट, कडेला थोडी बुरशी. म्हणाली, "आई जाऊन वर्ष झालं गं. तिचा आवाज दुसरीकडं कुठंच न्हाई. एवढं कॉम्प्युटरवर घिऊन दे." कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायची तर ती तिच्या वेगानेच चालवावी लागते, पुढे पळवता येत नाही. तीन तासांची कॅसेट म्हणजे तीन तास. शटर अर्धं ओढलं आणि बसले.

मंगलाष्टकं आली. कॅमेरा स्टेजवरून मागे फिरला, पंखे, झालरी, माणसांची डोकी, आणि मंडपाच्या तोंडाशी टेबल. मी तिथे उभी होते. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी बसून लिहीत होते, मान खाली. मी उभी होते. डाव्या हातात पेन, आणि उजव्या हाताने सगळ्यांबरोबर अक्षता टाकत होते. चार सेकंद असेल. कॅमेरा पुढे गेला.

काकूंचा आवाज पुढे पंगतीपाशी आला. त्या फ्रेममध्ये दिसत नाहीत, नुसतं ऐकू येतं. माझं नाव घेऊन म्हणतात, "ऱ्हाऊ दे ती वही आता. ये, जेवून घे आधी."

कॅसेट मी कुठेही न कापता दिली.